गाडीत कोणतं ऑइल टाकायचं? फुल सिंथेटिक की सेमी?



१६ जून लागला की नदीवरची आणि मोठ्या जलाशयांवरची मासेमारी बंद. १५ ऑगस्टपर्यंत जाळी घरी, डोंगे काठावर. आपल्या मध्य प्रदेशात हा बंद ऋतू जुनाच आहे, आणि त्याच दोन महिन्यांत राहिलेली कामं निघतात. जाळं शिवणं, डोंग्याची डागडुजी, आणि मासळी वाहणाऱ्या गाडीची सर्व्हिसिंग. गाडी मिस्त्रीकडे नेली की पहिला प्रश्न तोच येतो. "भाऊ, ऑइल कोणतं टाकू? सेमी टाकू का फुल सिंथेटिक?"

बहुतेक जण तिथे दोनच उत्तरं देतात. एक, "जे स्वस्त असेल ते टाक." दुसरं, "सगळ्यात महाग ते टाक, गाडी चांगली राहील." ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. वारासिवनीतून बालाघाट, कटंगी, गोंदिया, तुमसर अशा बाजारांना पहाटे मासळी नेणाऱ्याची गाडी म्हणजे त्याचं अर्धं घर. मे महिन्यात बर्फात ठेवलेला रोहू-कतला घेऊन गाडी रस्त्यात बसली, तर दुपारपर्यंत बर्फही गेला आणि मालही गेला. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा, घरात जो गाडी चालवतो त्यालाही वाचायला द्या.

डब्यात नेमकं काय असतं?

इंजिन ऑइल म्हणजे दोन गोष्टींचं मिश्रण. मोठा हिस्सा मूळ तेलाचा, आणि उरलेला रसायनांचा. ही रसायनं वेगवेगळी कामं करतात. कोणी काजळी धुऊन काढतं, कोणी ती तेलातच तरंगती ठेवतं, कोणी लोखंडावर लोखंड घासू देत नाही, कोणी गंज रोखतं, कोणी तेल तापल्यावर फार पातळ होऊ देत नाही.

फरक असतो तो मूळ तेलाचा. साधं मिनरल ऑइल जमिनीतून काढलेल्या कच्च्या तेलापासून शुद्ध करून मिळतं. मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमची जी रिफायनरी आहे, तिथे वंगणाचं मूळ तेल बनवण्याचं काम १९६९ पासून चालतं. पण कच्च्या तेलातले कण सगळे एकसारखे नसतात. काही लहान, काही मोठे, काही मेणासारखे. लहान कण उष्णतेने लवकर उडून जातात, मेणाचे कण थंडीत घट्ट होतात.

सिंथेटिक तेलात हे कण कारखान्यात घडवलेले किंवा पार बदलून टाकलेले असतात, त्यामुळे ते बरेचसे एकसारखे निघतात. एकसारखे असल्याने ते उष्णतेत कमी उडतात, थंडीत कमी घट्ट होतात आणि उशिरा खराब होतात.

सेमी सिंथेटिक, म्हणजे मिश्र तेल, हे या दोघांच्या मधलं. मिनरल तेलात काही हिस्सा सिंथेटिक मिसळलेला. पण किती हिस्सा? याचा सगळ्या जगात चालेल असा एकच नियम नाही. एका कंपनीच्या सेमीत जास्त असेल, दुसरीच्या सेमीत थोडं असेल. डब्यावर टक्का बहुधा छापलेला नसतो.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. आपल्या आज्याच्या वेळी सुती नाहीतर सणाचं जाळं असायचं. रोज वाळवावं लागे, साल उकळून त्याचा रंग चढवावा लागे, तरी कुजायचं. मग नायलॉन आलं. धागा एकसारखा, पाण्यात कुजत नाही, बारीक असून मजबूत. मिनरल आणि सिंथेटिक तेलात तसाच फरक आहे. पण जाळं घेताना आपण आधी काय बघतो? भोकाचं माप. धागा कितीही भारी असू द्या, भोक चुकीचं असलं तर ते जाळं आपल्या कामाचं नाही. ऑइलमध्येही आधी माप, मग धागा. हे माप म्हणजे डब्यावरचा ग्रेड. त्याच्याकडे पुढे येतोच.

"फुल सिंथेटिक" या शब्दाची भानगड

मोटारींसाठी सिंथेटिक ऑइल बाजारात आलं ते १९७० च्या दशकात. १९७२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमसॉइलने आणलं, १९७४ मध्ये मोबिल वन आलं. तेव्हा सिंथेटिक म्हणजे रासायनिक कारखान्यात वायूपासून घडवलेलं तेल, असा सरळ अर्थ होता. त्याला पीएओ म्हणतात.

पुढे कच्च्या तेलालाच खूप दाबाखाली हायड्रोजन देऊन त्याचे कण इतके बदलता येऊ लागले, की ते तेल गुणाने पीएओच्या जवळ गेलं. कॅस्ट्रॉलने आपल्या सिंथेटिक ऑइलमध्ये हे तेल वापरायला सुरुवात केली. मोबिलने तक्रार केली की याला सिंथेटिक म्हणणं बरोबर नाही. अमेरिकेतल्या जाहिरातींची तपासणी करणाऱ्या मंडळाने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून असं बदललेलं तेलही "फुल सिंथेटिक" नावाने विकलं जातं. जर्मनीत मात्र नियम कडक आहेत, तिथे या शब्दाचा अर्थ आजही अरुंदच आहे.

तेलाच्या धंद्यात मूळ तेलाचे पाच गट करतात. पहिला आणि दुसरा गट मिनरल, तिसरा हा बदललेला, चौथा पीएओ, आणि पाचव्यात बाकी सगळं. बाजारातल्या बऱ्याच "फुल सिंथेटिक" डब्यांत तिसऱ्या गटाचं तेल असतं. त्यात फसवणूक नाही, ते तेल चांगलंच असतं. पण यातून आपण एवढं समजून घ्यायचं, की डब्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव म्हणजे सगळं काही नव्हे. खरी माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते.

डबा उलटा करा आणि तीन गोष्टी वाचा

पहिली गोष्ट, ग्रेड. ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३०, १०डब्ल्यूची उणे २५, १५डब्ल्यूची उणे २० आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. शेवटचा आकडा सांगतो की इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंशांवर, ऑइल किती जाड राहतं. २० पातळ, ५० जाड.

दुसरी गोष्ट, एपीआय. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ही दर्जाची अक्षरं आहेत. पेट्रोल गाडीसाठी एस ने सुरू होणारी: एसएम, एसएन, एसपी. एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. पुढचं अक्षर म्हणजे नवा, वरचा दर्जा. डिझेलसाठी सी ने सुरू होणारी: सीआय-४, सीजे-४, सीके-४.

तिसरी गोष्ट, गाडीच्या कंपनीचा किंवा युरोपचा मंजुरी क्रमांक. एसीईए सी२, सी३ असं काही. हे नव्या डिझेल गाड्यांना फार महत्त्वाचं.

आता गाडीच्या कागदांसोबत मिळालेली पुस्तिका काढा. ती हरवली असेल तर शोरूममध्ये विचारा, बऱ्याच कंपन्यांची पुस्तिका मोबाइलवरही मिळते. पुस्तिकेतला ग्रेड आणि दर्जा डब्याशी जुळला पाहिजे. तो जुळला की मगच सेमी की फुल हा प्रश्न. न जुळणारं फुल सिंथेटिक हे जुळणाऱ्या सेमीपेक्षा वाईट.

आपलं ऊन, आपले रस्ते, आपला वापर

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वैनगंगेवर धुकं असतं, हात गारठतात, तरी बर्फ पडत नाही. उणे २५ अंशांचा इथे प्रश्नच नाही. म्हणजे सिंथेटिकचा जो सगळ्यात गाजलेला फायदा, कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होणे, तो कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला जितका लागतो तितका आपल्याला लागत नाही. थोडा फायदा मात्र इथेही आहे. रात्रभर उभी गाडी पहाटे चारला सुरू केली, की पहिल्या काही सेकंदांत इंजिनच्या वरच्या भागाला ऑइल पोचलेलं नसतं. घासणीचा मोठा वाटा त्या सेकंदांत होतो. लवकर वाहणारं ऑइल तिथे कामी येतं.

आपला खरा शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात बाहेरचा पारा चाळिशीच्या वर, मागे बर्फ आणि मासळीचं ओझं, बाजारात शिरताना पहिल्या गिअरमध्ये रांगत जाणं. अशा वेळी इंजिनमधलं ऑइल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तापलेलं ऑइल हवेतल्या प्राणवायूशी मिळून हळूहळू घट्ट, चिकट होतं. मिस्त्री टॅपेटचं झाकण उघडून काळा लगदा दाखवतो ना, तो हाच. सिंथेटिक इथे उजवं ठरतं. ते उशिरा घट्ट होतं, उडूनही कमी जातं.

२०१७ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने साधं आणि सिंथेटिक ऑइल वेगवेगळ्या चाचण्यांत तपासलं. सरासरी काढली तर सिंथेटिक जवळपास ४७ टक्के सरस निघालं. पण हा आकडा साध्या मिनरल ऑइलच्या तुलनेतला आहे, सेमीच्या तुलनेतला नाही. दुकानदार आकडा सांगून भाव चढवू लागला तर हे लक्षात असू द्या.

दुसरा शत्रू म्हणजे आपला वापर. कंपन्यांच्या पुस्तिकेत "कठीण वापर" असा एक भाग असतो. बरेच जण तो वाचतच नाहीत. धुळीचे रस्ते, जड ओझं, खूप वेळ उभ्याउभ्या चालू इंजिन, आणि घर ते तलाव, तलाव ते बाजार अशा छोट्या छोट्या फेऱ्या. यातलं काय आपल्याला लागू नाही? सगळंच लागू आहे! छोट्या फेरीत इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे पेट्रोलचे थेंब आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये राहून जातात. म्हणून कठीण वापराला पुस्तिका ऑइल लवकर बदलायला सांगते. १० हजार किलोमीटरचा आकडा शहरातल्या ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा असेल, तो मासळीच्या गाडीला जसाच्या तसा लावू नका.

कोणाच्या गाडीत काय?

जुनी पेट्रोल गाडी. जुनी ओम्नी, जुनी व्हॅन, दहा-पंधरा वर्षं चाललेली, पुस्तिकेत मिनरल किंवा सेमीला मान्यता असलेली. तिला पुस्तिकेतल्या ग्रेडचं चांगलं सेमी पुरतं. वेळेवर बदललं तर फुल सिंथेटिकचे जास्तीचे पैसे देण्याची गरज नाही. ते पैसे एअर फिल्टर आणि कूलंटवर घाला, जास्त उपयोग होईल.

नवी छोटी पेट्रोल गाडी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू आहे. या काळातल्या अनेक पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२०, काहींना तर ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ ऑइल सांगितलेलं असतं. इतकं पातळ आणि तरी टिकाऊ ऑइल बहुतेक सिंथेटिकच असतं. इथे निवडीला जागा नाही, पुस्तिका सांगेल तेच. "आपल्याकडे गरमी आहे, म्हणून जाड टाकू" असं करू नका. त्या इंजिनातल्या फटी, पंप, वाल्व्हची यंत्रणा पातळ ऑइल धरून बनवलेली असते.

टर्बो पेट्रोल. टर्बोची फिरकी प्रचंड वेगात आणि उष्णतेत फिरते. तिथे फुल सिंथेटिक आणि पुस्तिकेत असेल तो वरचा दर्जा. यात काटकसर नको.

जुना डिझेल पिकअप. १५डब्ल्यू-४०, सीआय-४ अशा दर्जाचं मिनरल किंवा सेमी पुस्तिकेत असेल तर तेच बिनधास्त वापरा. डिझेलची काजळी ऑइलला लवकर काळं करते, म्हणून भारी ऑइल जास्त दिवस चालवण्यापेक्षा बरं ऑइल वेळेवर बदलणं चांगलं.

बीएस-६ डिझेल. इथे सावध राहा. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी एक जाळी असते, डीपीएफ. साध्या ऑइलमधल्या रसायनांची राख या जाळीत बसते आणि ती जळत नाही. जाळी भरत गेली की गाडीची ताकद जाते, दिवा लागतो, आणि जाळी बदलायचा खर्च ऑइलच्या अनेक डब्यांच्या बरोबरीचा. म्हणून कमी राखेचं ऑइल, पुस्तिकेत लिहिलेल्या मंजुरीचंच. दुकानात "डिझेलचंच आहे, चालते" म्हणतील. नाही चालत.

एक गाडी, दोन हिशोब

भाव रोज बदलतात, म्हणून इथे आकडे नुसते समजण्यासाठी धरू. तुम्ही तुमच्या दुकानाचे भाव टाका.

समजा गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर चालते. ऑइल लागतं साडेतीन लिटर. फिल्टर आणि मजुरी मिळून ३५० रुपये. सेमी ४५० रुपये लिटर, फुल सिंथेटिक ७५० रुपये लिटर.

सेमीचा एक बदल: १५७५ अधिक ३५०, म्हणजे १९२५ रुपये. दर ५ हजार किलोमीटरला बदललं तर वर्षात तीनदा, ५७७५ रुपये.

फुल सिंथेटिकचा एक बदल: २६२५ अधिक ३५०, म्हणजे २९७५ रुपये. तेही दर ५ हजारला बदललं तर वर्षाला ८९२५ रुपये. सेमीपेक्षा ३१५० रुपये जास्त.

पण पुस्तिका फुल सिंथेटिकला साडेसात हजारांची मुभा देत असेल, तर वर्षात दोनच बदल, ५९५० रुपये. सेमीच्या जवळपास तितकाच खर्च, वर गाडी एक दिवस कमी उभी.

म्हणजे फरक पडतो तो लिटरच्या भावाने नाही, किती किलोमीटरला बदलता याने. आता तिसरा हिशोब बघा, जो खरा सगळीकडे चालतो. फुल सिंथेटिक टाकलं, आणि "भारीचं टाकलंय" म्हणून १५ हजार किलोमीटर बदललंच नाही. कागदावर सगळ्यात स्वस्त, २९७५ रुपये. इंजिनला मात्र सगळ्यात महाग. ऑइलचं मूळ तेल टिकलं तरी त्यातली धुणारी, सांभाळणारी रसायनं संपतात, आणि फिल्टर भरून जातो. सेमी घालून ५ हजारला बदलणारा माणूस अशा माणसाच्या खूप पुढे आहे.

आणखी एक. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच. बंद ऋतूत महिना-दोन महिने उभ्या गाडीत दमट हवा शिरते. त्यामुळे काम पुन्हा सुरू होण्याआधी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ऑइल आणि फिल्टर बदलला तर हंगामभराची काळजी मिटते.

चहाच्या टपरीवरच्या गोष्टी

"एकदा सिंथेटिक टाकलं की परत सेमी टाकता येत नाही." खोटं. पुस्तिकेत दोन्ही बसत असतील तर टाकता येतं. दर्जाच्या ऑइलमध्ये ती एकमेकांत मिसळली पाहिजेत अशी अटच असते.

"रस्त्यात कमी पडलं, दुसऱ्या कंपनीचं टाकलं, इंजिन गेलं." थोडं वरून घातल्याने इंजिन जात नाही. कोरडं चालवल्याने जातं. अडचणीत त्याच ग्रेडचं कोणतंही चांगलं ऑइल घाला, आणि पुढचा बदल जरा लवकर करा.

"सिंथेटिकने जुन्या इंजिनाला गळती लागते." सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिकने रबरी सील आकसायचे, तिथून ही गोष्ट आली. आजच्या ऑइलमध्ये त्याची काळजी घेतलेली असते. पण एक खरं आहे. जुन्या इंजिनचा सील आधीच चिरलेला असेल आणि लगद्यामुळे भोक बुजलेलं असेल, तर नवं ऑइल लगदा धुऊन काढतं आणि लपलेली गळती दिसू लागते. अशा वेळी सील बदला.

"ऑइल काळं झालं म्हणजे गेलं." डिझेलमध्ये तर चार दिवसांत काळं होतं. काळं होणं म्हणजे ते काजळी धरून ठेवतंय, आपलं काम करतंय. घाबरायचं ते दुधाळ रंगाला. डिपस्टिकवर किंवा झाकणाखाली दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसात पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे आधी बघा, आणि तसं असेल तर गाडी चालवू नका.

"जास्त घातलेलं बरं." नाही. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावं. वरच्या खुणेच्या वर गेलं तर इंजिनमध्ये फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. हे काम आठवड्यातून एकदा घरच्या पोरीने, पोराने, कोणीही करावं. त्याला मिस्त्री लागत नाही.

मोटारसायकल आणि नावेचं इंजिन वेगळं

गाडीचं उरलेलं अर्धा लिटर ऑइल मोटारसायकलमध्ये ओतायची सवय अनेकांना आहे. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी जी रसायनं असतात, त्यांनी हा क्लच घसरू लागतो. मागे मासळीचा डबा बांधून चढ चढताना इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं. मोटारसायकलच्या डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं बघा.

तलावातल्या डोंग्याला वल्ह्याशिवाय काही लागत नाही. पण ज्यांच्या नावेला बाहेर लावायचं इंजिन आहे, त्यांनीही कारचं ऑइल त्यात घालू नये. फोर स्ट्रोक नावेच्या इंजिनाला एफसी-डब्ल्यू लिहिलेलं ऑइल, कारण ते ओलाव्यात गंज रोखतं. टू स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३. ते पेट्रोलसोबत जळून जाण्यासाठीच बनवलेलं असतं. कारचं ऑइल त्यात जाळलं तर राख प्लगवर बसते.

नकली मालापासून सावध

ओळखीच्या, पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून डबा घ्या. सील, बॅच नंबर, बनवल्याची तारीख बघा. क्यूआर कोड असेल तर मोबाइलवर तपासा. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि रिकामा डबा सोबत घेऊन या किंवा त्याला तिथेच खिळ्याने भोक पाडा. भंगारात गेलेला चांगला डबा पुन्हा भरून बाजारात येतो. पिंपातलं सुटं ऑइल, भाव कितीही कमी असू द्या, नको.

काढलेलं जळकं ऑइल जातं कुठे?

हा भाग इतर गाडीवाल्यांनी नाही वाचला तरी चालेल, आपण वाचलाच पाहिजे.

ऑइल बदललं की तीन-चार लिटर काळं ऑइल निघतं. कुठे नालीत, कुठे कुंपणाला, कुठे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडलं जातं, काहीजण डोंग्याच्या बुडालाही लावतात. नालीतलं ऑइल पावसात वाहत ओढ्याला, ओढ्यातून तलावाला नाहीतर चंदन-वैनगंगेला जातं. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणातून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका बदलात निघालेलं ऑइल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं.

पाण्यावर तेलाचा थर काय करतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जिऱ्याच्या तलावात बीज सोडण्याआधी पाणकिडे मारायला आपण काय करतो? हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल आणि १८ किलो साबण यांचं मिश्रण पाण्यावर पसरवतो. थर बसला की वर येऊन श्वास घेणारे किडे गुदमरून मरतात. ते तर साधं खाद्यतेल, आणि तेही बीज नसताना, मोजून मापून टाकलेलं. काळं ऑइल तसं विरत नाही. त्याचा थर हवेचा प्राणवायू पाण्यात जाऊ देत नाही, गाळात बसलेलं वर्षानुवर्षं राहतं, अंडी आणि जिऱ्यावर सगळ्यात आधी परिणाम होतो. मासा जगला तरी त्याच्या मांसाला वास लागतो, आणि असा मासा एकदा घरी नेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारक प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. त्यामुळे मोठ्या सर्व्हिस सेंटरवर ते गोळा होतं. घरी किंवा छोट्या ग्यारेजमध्ये बदलणाऱ्यांनी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरावं, त्यात पाणी, पेट्रोल, रंग काही मिसळू नये, आणि तिथे नेऊन द्यावं. जुना फिल्टरही रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या. गावातले चार-पाच गाडीवाले मिळून एक पीप ठेवतील तर ते नेणंही सोपं पडेल.

इथे सिंथेटिकचा एक वेगळा फायदा दिसतो. पुस्तिका मुभा देत असेल आणि वर्षातला एक बदल कमी झाला, तर तेवढं काळं ऑइलही कमी निघालं. पण काढलेलं सिंथेटिकही तितकंच घातक असतं, हे विसरू नका.

थोडक्यात

पुस्तिका उघडा, ग्रेड आणि दर्जा एका कागदावर लिहून गाडीच्या काचेखाली ठेवा. नवी पातळ ऑइलची पेट्रोल गाडी, टर्बो, किंवा बीएस-६ डिझेल असेल तर पुस्तिकेतलंच, बहुधा फुल सिंथेटिक. जुनं साधं इंजिन असेल तर चांगलं सेमी, पण वेळेवर. दोन्ही बसत असतील आणि उन्हाळ्यात रोज लांब फेऱ्या असतील, तर परवडल्यास फुल सिंथेटिक घ्या, जास्तीचे पैसे उष्णतेत वसूल होतात. दर बदलाला फिल्टर नवा. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा.

आणि काळ्या ऑइलचा एक थेंबही तलावाकडे जाऊ देऊ नका. गाडी जुनी झाली तर दुसरी घेता येईल, तलाव दुसरा मिळत नाही.